पिंजऱ्यातले वार्धक्य

नाशिकच्या जुन्या गावठाणात, तिवंध्यापासून भद्रकालीपर्यंत आणि गोदेच्या पैलतीरी पंचवटीत, वाड्यांचे जे थोडे अवशेष उरले आहेत त्यांपैकी एखाद्याच्या ओटीवर आजही पिंजरा टांगलेला दिसला, तर त्यातला राघू बहुधा म्हातारा असतो. ज्या मुलीच्या हट्टापायी तो घरात आला ती सासरी जाऊन आता स्वतःच्या मुलांच्या परीक्षांच्या विवंचनेत असते, ज्या आजोबांनी त्याला ‘राम राम’ म्हणायला शिकवले त्यांची तसबीर पिंजऱ्यामागच्या भिंतीवर लागलेली असते, आणि राघू मात्र, चोच वाढून वाकडी झालेली, नखे गोल वळलेली, डोळ्यांवर मोतीबिंदूची साय धरलेली अशा अवस्थेत, आपल्या दांडीवर अजून बसलेला असतो. कंठीच्या हिरव्या पोपटाला घरच्या निगराणीत वीस ते तीस वर्षांचे आयुष्य लाभू शकते. म्हणजे कुटुंबाच्या एका संपूर्ण पिढीचा तो साक्षीदार होतो. मग एके दिवशी पायाची पकड सुटते, दिलेली मिरची पंज्यात ठरत नाही, तो दांडीवरून खाली येतो व पुन्हा वर चढत नाही. आणि आजवर घरात कोणीही न काढलेला प्रश्न सर्वांच्या मनात एकाच वेळी उभा राहतो, की आता याचे काय करायचे.

या प्रश्नाला आपल्याकडे परंपरेने दोन उत्तरे चालत आली आहेत. एक म्हणजे त्याला मोकळा सोडावा, आणि दुसरे म्हणजे त्याला देवाच्या हवाली करून वाट पाहावी. तिसरे उत्तर, म्हणजे जाणत्या पशुवैद्याच्या हातून त्याच्या यातनांचा शांतपणे शेवट करावा, हे घराघरांत मनात येते, परंतु ओठांवर येताना ते पापाच्या शंकेने अडखळते. माझे मत असे आहे की पहिली दोन उत्तरे आपण समजतो तितकी निष्पाप नाहीत, तिसरे आपण समजतो तितके पापमय नाही, आणि तिन्हींचा विचार ज्या एका कसोटीवर व्हायला हवा ती कसोटी आपल्या दुःखात किंवा पुण्याच्या हिशेबात सापडत नसून त्या पक्ष्याच्या दिवसात सापडते.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की पक्ष्याचे दीर्घ वार्धक्य ही निसर्गाची निर्मितीच नव्हे. गंगापूर धरणाच्या काठच्या झाडांवर किंवा दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांवर, जेथे त्यांच्यापासून घड राखण्यासाठी शेतकऱ्याला जाळी पसरावी लागते तेथे, पोपटांचे जे थवे उतरतात त्यांत मोतीबिंदू झालेला, सांधे आखडलेला, दांडी न धरता येणारा पोपट आपल्याला दिसत नाही. ज्याची झेप किंचित मंदावली, ज्याची नजर किंचित अंधुक झाली, त्याला शिकरा उचलतो, किंवा थंडीच्या एखाद्या रात्री तो फांदीवरून पडतो. दुबळेपणा आणि मृत्यू यांच्यामध्ये तेथे फार तर काही दिवसांचे अंतर असते. आपण पक्ष्याला पिंजऱ्यात आणले तेव्हा त्याचे आकाश घेतले हे सर्वांच्या बोलण्यात येते आणि ते खरेही आहे. परंतु त्याबरोबरच आपण त्याच्या आयुष्यातून शिकरा हद्दपार केला, भूक हद्दपार केली, आणि त्या जागी वर्षानुवर्षे लांबत जाणारी अशी एक दुर्बलता निर्माण केली की जिच्याशी कसे वागावे याचे कोणतेही शिक्षण त्याच्या जातीच्या रक्तात नाही. ज्याने शिकऱ्याला हाकलले त्याने शिकऱ्याचे कामही आपल्या शिरावर घेतले. ते काम शिकऱ्याला अपरिचित असलेल्या दयेने करता येते, एवढीच माणसाची थोरवी. पण ते आपले नाहीच, असे म्हणण्याचा अधिकार पिंजऱ्याचे दार लावणाऱ्याला उरत नाही.

मोकळे सोडण्याच्या पुण्याविषयी थोडक्यातच सांगतो, कारण त्यात वादाला फारशी जागा नाही. वीस वर्षे पिंजऱ्यात काढलेल्या पक्ष्याचे उडण्याचे स्नायू क्षीण झालेले असतात, उंबराचे फळ कोठे व केव्हा पिकते हे त्याला ठाऊक नसते, मांजर व कावळा यांची भीती तो विसरलेला असतो, आणि परका म्हणून थवा त्याला जवळ करत नाही. गंगाघाटावर, रामकुंडाच्या पायऱ्यांवर, हात जोडून त्याला आकाशात सोडणारी व्यक्ती घरी समाधानाने परतते आणि तो कावळ्यांच्या चोचीत किंवा कुंपणाच्या तारेत संध्याकाळच्या आत संपतो. मृत्यू टळलेला नसतो. तो फक्त आपल्या नजरेआड, भयाच्या व एकाकीपणाच्या सोबतीने घडवून आणलेला असतो.

देवाच्या हवाली करण्याची भूमिका मात्र फार गंभीर आहे, आणि तिच्यामागे करुणेची मोठी परंपरा उभी आहे. याच नगरीत १८७८ साली स्थापन झालेली नाशिक पंचवटी पांजरापोळ ही त्या परंपरेची साक्ष आहे: ज्या जनावराचा मालकाला उपयोग उरला नाही त्यालाही चारा, पाणी आणि सावली यांचा हक्क आहे, हे तत्त्व ज्या समाजाने संस्था उभारून, जमीन देऊन, पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले, त्या समाजाला दयेचे धडे देण्याची कोणाची प्राज्ञा नाही. जैन विचाराचे म्हणणे असे की जीवाचे भोग त्याचे त्यालाच भोगून संपवावे लागतात, मध्येच देह सोडवल्याने ते संपत नाहीत, आणि मारणाऱ्याच्या चित्तावर हिंसेचा डाग मात्र पडतो. या म्हणण्यातले अर्धे, म्हणजे मारणाऱ्याच्या चित्ताविषयीचे, मला अत्यंत मोलाचे वाटते. ज्याला हा निर्णय सोपा वाटतो त्याने तो घेऊ नये, इतका मी त्याच्याशी सहमत आहे.

परंतु या भूमिकेची खरी कसोटी १९२८ साली साबरमतीच्या आश्रमात लागली. आश्रमातले एक वासरू असाध्य दुखण्याने तळमळत होते. त्याला कूस पालटता येत नव्हती, उपचार थकले होते. गांधींनी विचारविनिमय करून, डॉक्टरांकडून सुई देववून त्याचा अंत घडवून आणला आणि त्याचे समर्थन ‘नवजीवन’ व ‘यंग इंडिया’ या आपल्या पत्रांतून उघडपणे केले. अहिंसेच्या उपासकाने गोवत्साचा वध करवला म्हणून गुजरातेत केवढे काहूर उठले, आणि संतप्त पत्रांचा केवढा ढीग त्यांच्यापुढे पडला, हे त्या काळच्या वाचकांना ठाऊकच होते. त्या वादात गांधींनी ज्या अटी पुढे नोंदवल्या त्या मला आजही या विषयावरचा सर्वांत विचारपूर्ण दस्तऐवज वाटतात: दुखणे असाध्य असावे, संबंधित सर्वांनी जगण्याची आशा सोडलेली असावी, कोणतीही मदत, कोणतीही सेवा करणे शक्य उरलेले नसावे, आणि रुग्णाला आपली इच्छा सांगणे अशक्य असावे.

यांतली तिसरी अट मला सर्वांत खोल वाटते, कारण ती प्रश्नाचे तोंडच फिरवते. प्राणी किती दुःखात आहे, एवढेच ती विचारत नाही. आपली सेवा अजून त्याच्यापर्यंत पोचते का, असे ती विचारते. आणि म्हाताऱ्या पक्ष्याच्या बाबतीत या अटीचा पहिला परिणाम असा होतो की निर्णयाची घाई थांबते, कारण लोक आशा सोडतात त्यानंतरही सेवेला पुष्कळ जागा शिल्लक असते. दांड्या खाली आणता येतात व त्यांना मऊ सुती कापड गुंडाळता येते, म्हणजे तळपायाला फोड येत नाहीत. वाट्या दांडीच्या उंचीवर बांधता येतात. तळाला घडी घातलेले पांघरूण अंथरता येते, म्हणजे पडला तरी छातीच्या हाडाला मार बसत नाही. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत पाच अंशांच्या आसपास उतरतो तेव्हा नाशकातल्या उघड्या ओटीवरचा पिंजरा आतल्या खोलीत घेणे ही एकच गोष्ट कित्येक म्हाताऱ्या पाखरांना आणखी एक हिवाळा देऊ शकते. वर्षानुवर्षे सूर्यफुलाच्या बियांवर पोसलेल्या पोपटाचे यकृत चरबीने भरते आणि जीवनसत्त्व ‘अ’च्या अभावाने त्याचा श्वसनमार्ग दुबळा होतो, त्याला पपई, गाजर, भोपळा, हिरवा पाला यांवर आणले तर जे वार्धक्य वाटत होते त्यातले बरेचसे कुपोषण होते असे दिसून येते. आंधळा झालेला पोपटही, पिंजऱ्यातली मांडामांड बदलली नाही तर, आवाजाच्या व स्पर्शाच्या आधाराने समाधानाने जगतो. पिसे विरळ झाली, रात्री ओरडतो, घाण करतो, पाहुण्यांसमोर बरे दिसत नाही, ही कारणे पक्ष्याची नव्हेत. ती आपली आहेत, आणि त्यांच्या जोरावर पशुवैद्याकडे जाणाऱ्याला मी दयेचा हवाला घेऊ देणार नाही.

अमेरिकेतल्या शिकागोनजीकच्या ब्रुकफील्ड प्राणिसंग्रहालयात ‘कुकी’ नावाचा एक काकाकुवा होता. १९३४ साली वर्षाचे पिल्लू असताना तो तेथे आला. उतारवयात हाडे ठिसूळ झाली, सांधे धरले, मोतीबिंदू आला, तेव्हा २००९ मध्ये त्याला प्रेक्षकांसमोर ठेवणे बंद करून शांत खोलीत, रोजच्या ओळखीच्या माणसांच्या सोबतीत ठेवण्यात आले. तसा तो आणखी सात वर्षे जगला, आणि ऑगस्ट २०१६ मध्ये, वयाच्या त्र्याऐंशीव्या वर्षी, प्रकृती एकाएकी ढासळली तेव्हा त्याला वैद्यकीय रीतीने निरोप देण्यात आला. या वृत्तांतात मला महत्त्वाची वाटतात ती ती सात वर्षे. ज्यांनी ती दिली, त्यांच्याच शेवटच्या निर्णयावर विश्वास ठेवता येतो.

आता सेवा पोचेनाशी झाली हे ओळखायचे कसे? येथे एक विलक्षण अडचण आहे. पोपट बोलतो म्हणून तो आपल्याला इतर पाखरांपेक्षा अधिक कळतो असे आपण समजतो. वस्तुतः तो आपलेच शब्द आपल्याला परत देतो, आणि त्याचे स्वतःचे दुखणे त्याच्या बोलण्यात कधीच येत नाही. थव्यातला जो दुबळा दिसतो तो पहिला मारला जातो, या प्राचीन धाकाने पक्षी आपले आजारपण शेवटच्या क्षणापर्यंत लपवतो; सकाळी ‘राम राम’ म्हणणारा राघू दुपारी मरून पडलेला आढळतो आणि घरचे म्हणतात की तो काल तर ठणठणीत होता. पोपटाला रामनाम शिकवता शिकवता गणिकेचा उद्धार झाल्याची कथा आपल्या संतांनी प्रेमाने गायिली आहे. त्या पोपटाच्या वार्धक्याविषयी मात्र आपण मौन राखतो, आणि ते मौन आपण आता मोडले पाहिजे.

म्हणून शब्दांवर न विसंबता दुसरे पुरावे पाहावे लागतात. पहिला पुरावा वजनाचा. कंठीच्या पोपटाचे वजन सव्वाशे ग्रॅमच्या आगेमागे असते. स्वयंपाकघरातल्या ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर ते रोज एकाच वेळी घेऊन वहीत मांडावे, कारण दशांश वजन घटणे, म्हणजे जेमतेम बारा ग्रॅम, हेही पाखराच्या बाबतीत गंभीर असते आणि पिसांच्या फुगीरपणाखाली ते डोळ्यांना दिसत नाही. छातीचे मधले हाड बोटाला सुरीच्या पात्यासारखे लागू लागले की स्नायू आटत चालले आहेत असे समजावे. दिवसाढवळ्या पिसे फुलवून, दोन्ही पायांवर, डोळे मिटून बसणे. श्वासागणिक शेपूट वरखाली होणे. चोच उघडी ठेवून श्वास घेणे. पिसे साफ करणे सोडून देणे. दांडी सोडून पिंजऱ्याच्या कोपऱ्यात तळाशी बसणे, ही चिन्हे एकेकटी उपचाराची हाक देतात, आणि ती देतात तेव्हा प्रथम पशुवैद्याकडेच गेले पाहिजे. उपचार करूनही ती टिकली, एकत्र आली, तर वेगळा विचार सुरू होतो.

परंतु माझ्या दृष्टीने निर्णायक पुरावा याहून सूक्ष्म आहे. ज्या हाताने त्याला वीस वर्षे पेरूची फोड दिली तो हात जवळ आला असता पक्षी मान पुढे करतो की मागे घेतो, यावर मी लक्ष ठेवायला सांगेन. पिचकारीने दर दोन तासांनी घशात पेज घालावी लागते, त्यासाठी त्याला पंचात गुंडाळून धरावे लागते, आणि तो धरण्याच्या कल्पनेनेच थरथरतो, अशी अवस्था आली की तो हात आता सेवा करत नसून पक्ष्याच्या उरलेल्या दिवसांत फक्त भय भरत आहे. गांधींची तिसरी अट येथे पूर्ण होते. त्यानंतर जे काही आपण करतो ते त्याच्यासाठी नसते. ते आपल्याला निरोप घ्यायला धैर्य होत नाही म्हणून असते, आणि त्याची किंमत तो फेडत असतो.

अशा वेळी जे करायचे ते घरी करायचे नाही, हे निक्षून सांगितले पाहिजे. मान मुरगळणे, पाण्यात बुडवणे, उपाशी ठेवणे, झोपेच्या गोळ्या चुरून घालणे, हे सर्व क्रौर्य आहे, हेतू कितीही प्रेमळ असो. पशुवैद्य प्रथम भूल देणारा वायू हुंगवतो. पक्ष्याच्या फुप्फुसांना जोडलेल्या हवेच्या पिशव्यांमुळे तो वायू फार झपाट्याने रक्तात भिनतो आणि काही क्षणांत शुद्ध हरपते. मगच प्राण घेणारे औषध टोचले जाते. हात ओळखीचा असावा, म्हणून ज्याने सांभाळले त्याने तेथे थांबावे.

म्हाताऱ्या पक्ष्याच्या निरोपाची एक कथा आपल्या जवळच आहे: नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यात सर्वतीर्थ टाकेद आहे. सीतेसाठी रावणाशी झुंजून पंख छाटला गेलेला वृद्ध जटायू तेथे पडला आणि त्याच्या मुखात घालण्यासाठी रामाने बाण मारून सर्व तीर्थांचे पाणी आणले, अशी तेथली श्रद्धा आहे.  वाल्मीकींच्या रामायणात राम त्या पक्ष्याला मिठी मारतो, त्याचे बोलणे ऐकतो, स्वतःच्या हाताने चिता रचतो आणि गोदावरीवर जाऊन पित्यासारखे त्याला उदक देतो. तुलसीदासांनी त्यात एक प्रसंग घातला: राम म्हणतो, देह ठेव; आणि जटायू ते नाकारतो. देव समोर उभा राहून आयुष्य देऊ करत असताना म्हाताऱ्या पक्ष्याने ते नम्रपणे परत केले, ही कल्पना मला या सर्व कथेत सर्वांत धीट वाटते. आपल्या पिंजऱ्यातल्या पक्ष्याला नकार देता येत नाही; त्याच्या वतीने कोणालातरी तो द्यावा लागतो.

तो कोणी द्यावा? कुटुंबात हा प्रश्न फार वेळा मिळवत्या माणसाच्या किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या मताने सुटतो. याबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या ७ मार्च २०११ च्या निवाड्याकडे, म्हणजे वर्षानुवर्षे अचेत पडून राहिलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांच्या प्रकरणाकडे, मी आदराने बोट दाखवतो. माणसाच्या जगण्यामरण्याचा प्रश्न पाखराच्या प्रश्नाशी एका तराजूत घालण्याचा माझा हेतू नाही; परंतु त्या निवाड्यात न्यायालयाने असे ठरवले की अरुणाबाईंच्या वतीने बोलण्याचा अधिकार, त्यांच्यावर पुस्तक लिहून कळकळीने दयामरणाची याचिका करणाऱ्या पिंकी विराणी यांच्यापेक्षा, वर्षानुवर्षे त्यांची शुश्रूषा करणाऱ्या केईएम रुग्णालयाच्या कर्मचाऱ्यांचा आहे. सेवेतून मुखत्यारी येते, हे तत्त्व मला सर्वत्र लागू होण्याजोगे वाटते. वाड्यातल्या ज्या आजी रोज पहाटे पिंजऱ्यावरचे कापड काढतात, वाटी धुतात, डाळ भिजत घालतात, त्यांचा शब्द अखेरचा असावा. मुलाने पैशाचा किंवा सुनेने स्वच्छतेचा हिशेब त्या शब्दावर लादू नये, आणि आजींनी होकार दिला तर पुण्याच्या नावाने त्यांना कोणी दोषही देऊ नये.

मुलांशी खोटे बोलू नये, हेही जाता जाता सांगतो. ‘राघू उडून गेला’ हे उत्तर ऐकणारे मूल कित्येक दिवस खिडकीशी उभे राहते.

एक अडथळा मात्र असा आहे की जो कुटुंबाच्या विवेकाने दूर होणार नाही. बजरीगर, कॉकाटील अशा परदेशी पाखरांच्या बाबतीत पालक सरळ पशुवैद्याकडे जाऊ शकतो. देशी पोपटाचे तसे नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये तो पकडणे, विकणे, पाळणे हा आज गुन्हा आहे. २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याचा समावेश दुसऱ्या अनुसूचीत आहे. हा कायदा योग्य आहे, आणि नवा पोपट पिंजऱ्यात घालणाऱ्यावर त्याची कठोर अंमलबजावणी व्हावी असेच मी म्हणेन. पण कित्येक वर्षांपूर्वी घरात आलेला राघू आता मरणपंथाला लागला असताना, शिक्षेच्या धाकाने त्याला दवाखान्यात नेण्याचे टळते आणि तो तळाशी पडून तडफडत मरतो, हा परिणाम कायद्याच्या उद्देशाशी सुसंगत नाही. प्राण्याचा दयेने अंत करण्याची कल्पना कायद्याला अपरिचितही नाही. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाचे तेरावे कलम, जिवंत ठेवणे हेच क्रौर्य ठरेल अशा प्राण्याच्या यातना संपवण्याची तजवीज करते. आणि वन्यजीव अधिनियमाचे अकरावे कलम दुसऱ्या अनुसूचीतला जीव बरा होण्याच्या पलीकडे गेला असेल तर मुख्य वन्यजीव रक्षकाला किंवा प्राधिकृत अधिकाऱ्याला कारणे नमूद करून त्याला मारण्याची लेखी परवानगी देण्याचा अधिकार देते. ‘प्राधिकृत अधिकारी’ हे शब्द कायद्यात आहेत म्हणूनच दरखास्त मुख्य वन्यजीव रक्षकाकडे, नागपूरच्या वनभवनात जाऊन परत येण्याची गरज नाही. नाशिकच्या वनविभागात एका अधिकाऱ्याला तसे अधिकार द्यावे, त्याच्याबरोबर पाखरांची नाडी जाणणारा एक पशुवैद्य नेमावा, परवानगीचा फैसला त्याच दिवशी व्हावा, आणि म्हातारा पक्षी उपचारासाठी किंवा निरोपासाठी स्वतः घेऊन येणाऱ्यावर खटला भरला जाणार नाही असे जाहीर करावे. यासाठी नवा कायदा नको, एक हुकूम पुरे.